मेडिकलवाल्या काकांना

काका, सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव लिहीत नाही, तुम्हाला ते आवडायचं नाही. परळच्या आपल्या गल्लीतले ओळखतीलच.

२०१९ मध्ये बाबा गेले आणि माझी झोप उडाली. एका डॉक्टरांनी झोप यावी म्हणून १५ दिवसांसाठी अल्प्राझोलाम ही गोळी लिहून दिली. ती मी ४ वर्षं घेतली, त्याच चिठ्ठीवर. घडीवर फाटली तेव्हा चिकटपट्टी लावली, तरी कुठे ना कुठे स्ट्रिप मिळायचीच. तुम्ही मात्र चिठ्ठी उजेडात धरून तारीख पाहिलीत आणि परत केलीत. मी चारचौघांत तुम्हाला नाही नाही ते बोलले. त्याची माफी मागायची राहून गेलीय, ती आज मागते.

रागाच्या भरात मी गोळी बंदच केली. तिसऱ्या रात्री हातांची थरथर थांबेना, चादर घामाने भिजली, पंख्याची घरघर डोक्यात घुसायला लागली. सकाळी तुम्ही शटर उघडायच्या आधी मी दारात उभी. तुम्ही स्टूल दिलंत, पाणी दिलंत आणि म्हणालात, "पोरी, ही अशी एकदम सोडायची नसते. मेंदूला सवय झालीय, फिट येऊ शकते." दुकान पोऱ्यावर सोपवून टॅक्सीने मला सरकारी रुग्णालयात नेलंत. मानसोपचाराच्या ओपीडीत केसपेपरच्या रांगेतही तुम्हीच उभे राहिलात.

तिथल्या डॉक्टरांनी मला त्याच जातीच्या डायझेपाम या गोळीवर आणलं. तिचा अंमल सावकाश उतरतो, त्यामुळे कमी करणं सोसतं. सोसतं म्हणजे काय, तर १४ महिने लागले. डॉक्टरांच्या कागदाप्रमाणे तुम्ही गोळ्या अर्ध्या करून, पुड्यांवर वार लिहून द्यायचात. गणपतीत ढोल वाजायला लागले की मी कानात कापूस घालून मोरीत दार लावून बसायची. अशाच एका रात्री ११ वाजता तुम्हाला फोन केला, जास्तीची अर्धी घेऊ का म्हणून. "आहे त्यावरच थांब. उद्या डॉक्टरांना विचारू," म्हणालात आणि मला रडू आवरेपर्यंत फोन ठेवला नाहीत.

अशा गोळ्या कुणाला दिल्या ते लिहून ठेवायच्या तुमच्या त्या एच-१ च्या जाड रजिस्टरमध्ये माझं नाव कितीदा आलं असेल! आधी ५ मिलिग्रॅमच्या गोळ्या, मग २ च्या, पुढे २ चीही अर्धी. दर खेपेला लिहिता लिहिता मान वर न करता तुमचा एकच प्रश्न, "किती तास?" मी कधी दोन सांगायचे, कधी दीड. तुम्ही "बरं" म्हणायचात. कीव केली नाहीत, उपदेशही नाही. त्या "बरं"साठी मी जिना उतरून यायचे.

गोळी सुटून ८ महिने झाले. परवा सांगायला आले होते, दुकान बंद होतं.

काका, साडेपाच तास. सलग.

तुमची,
समोरच्या चाळीतली