नुसतं उभं राहायलाही जाऊ नकोस

चि. भैया,
अनेक आशीर्वाद.

फोनवर तू 'हो आप्पा, हो आप्पा' करतोस आणि खरं बोलणं राहून जातं, म्हणून कागद घेतला. शनिवारी कॉलेज सुटल्यावर 'मॅटर' आहे, आणि दोस्त म्हणतो, "तू हात नको उचलू, नुसतं उभं राहायला ये." हे तू आईला सांगितलंस, बरं केलंस. तिने एका वाक्यात आटोपलं: "पोऱ्याले सांगा, भांडन दिसनं का तठून निंघी ये." माझं जरा लांबेल.

मागच्या महिन्यात एका स्टँडवर शाळा सुटल्याची गर्दी होती. नववी-दहावीतली दोन पोरं एकमेकांच्या अंगावर. एकाने मनगटातलं कडं काढून बोटांवर चढवलेलं, दुसऱ्याने पट्टा हाताला गुंडाळून बक्कल मोकळं सोडलेलं. भोवती पोरांचं कडं वेगळंच. निम्म्यांचे मोबाईल वर आणि 'हाण ना, हाण ना' चालू. मी मध्ये पडणार तेवढ्यात त्यांच्या गावाची गाडी लागली. झालं! सगळे खिडक्यांतून दप्तरं टाकून जागा धरायला पळाले. उरले दोघंच. थोडा वेळ एकमेकांकडे बघितलं, एकाने कडं परत मनगटात घातलं, दुसऱ्याने पट्टा कमरेला लावला, आणि दोघं त्याच गाडीत चढले. उभ्यानेच गेले, जागा कुठल्या उरल्या होत्या?

अशा बऱ्याच पोरांना आतून मारामारी नकोच असते. पण चारचौघांत मागे फिरलं तर वर्षभर 'फाटली' म्हणून ऐकावं लागेल, ही धास्ती. ते चारचौघं म्हणजे तुझ्यासारखे, नुसतं उभं राहायला आलेले. तुम्ही दहा जण उभे राहता म्हणून त्या दोघांची वाट बंद होते.

कायदाही हेच बघतो. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम 189 आणि 190 वाच. पाच किंवा जास्त माणसं गुन्ह्याच्या एकाच हेतूने जमली आणि त्या हेतूपायी एकाने गुन्हा केला, तर जमावातला प्रत्येक जण दोषी धरला जातो. 'माझ्या हातात काही नव्हतं' हे सांगायला वकील लावावा लागतो. तुला सोळा पूर्ण झाली. 2015 च्या बाल न्याय कायद्यात सोळा ते अठरा वयाच्या मुलाकडून खुनासारखा गुन्हा झाला, तर त्याला मोठ्या माणसासारखं खटल्याला उभं करायचं का, याची तपासणी होते. कोयता घेऊन रील टाकणाऱ्यांना हे कोणी सांगत नाही, लाईक मात्र सगळे देतात.

आणि हत्याराचं. ऑगस्ट 2024 मध्ये उदयपूरला दहावीतल्या मुलाने वर्गातल्याच मुलाला चाकू मारला, काही दिवसांनी ते पोर दवाखान्यात वारलं. शहरात जाळपोळ झाली, इंटरनेट बंद ठेवावं लागलं. दप्तरात असलं काही आलं की शेजारच्या बाकाला बहुधा आधी कळतं, सरांना शेवटी. तू बघितलंस तर त्याच दिवशी सांग. तुम्ही त्याला चुगली म्हणता. गृहपाठ केला नाही हे सांगणं चुगली. चाकूचं सांगणं नव्हे. सरांना सांगायची भीती वाटली तर तक्रारपेटीत नाव न घालता चिठ्ठी टाक, नाहीतर 1098 ला फोन लाव. तो चाइल्डलाइनचा नंबर, चोवीस तास चालतो, पैसे लागत नाहीत. डोळ्यांदेखत सुरू झालं तर 112.

अमळनेरला शिकतोस म्हणून साने गुरुजींचं नाव घेऊन उपदेश करणार नाही, तो तिथे भाषणांतून भरपूर मिळतो. मला एवढंच हवंय की तू दोस्ताशी आजच बोलावं, तेही एकट्याशी. पोरं जमली की तो ऐकायचा नाही. 'मी येणार नाही, तूही जाऊ नको' एवढं म्हण. चिडला तर चिडू दे, आठवडाभर बोलणार नाही. ते परवडेल. समोरचा खरंच त्रास देत असेल तर त्याला घेऊन प्राचार्यांकडे जा. एकटे जायला नको वाटत असेल तर मी सोबत येईन, रजा टाकतो.

शनिवारी मी अमळनेरच्या फेरीवर ड्युटी मागून घेतली आहे. कॉलेज सुटलं की सरळ स्टँडवर ये. दोस्तालाही आण, चोपड्यापर्यंतचं त्याचं तिकीट मी काढीन. तो काय म्हणाला ते शुक्रवारी रात्री फोन करून कळव.

तुझे
आप्पा