वेलांटीला जागा द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

माझे वडील सांगलीत गावभागातल्या छापखान्यात जुळारी, म्हणजे शिशाचे खिळे जुळवणारे, होते. त्यांनी वहीत लिहिलेल्या आठवणी मी नुकत्याच नेटवर घातल्या. तयार थीम, म्हणजे पानाचा आयता साचा, घेतली, मजकूर ओतला आणि मोबाइल त्यांच्या हातात दिला. पहिल्याच मथळ्यावर ते थांबले. 'कीर्ती'तल्या 'र्ती'चा रफार आणि वेलांटीचा माथा कापला गेला होता. "दोन ओळींत आम्ही शिशाची पट्टी घालायचो. तुमच्यात तशी काही नसते का गं?" असं त्यांनी विचारलं.

असते. तिला लाइन-हाइट म्हणतात. पण त्या थीममध्ये ती रोमन अक्षरांच्या मापाने ठेवलेली, आणि मथळ्याच्या चौकटीबाहेर जाईल ते झाकून टाकायचं अशी सूचना.

मग थीम काढून टाकली आणि कोऱ्या फाइलीत सीएसएस, म्हणजे पान कसं दिसावं याच्या सूचना, लिहायला बसले. लाइन-हाइट अक्षराच्या मापाच्या १.२ पट होती, ती १.७ पट केली. मथळ्यातली लेटर-स्पेसिंग, म्हणजे अक्षरांमधलं जादा अंतर, शून्यावर आणली. अक्षरं विरळ केली की शिरोरेषा तुटते आणि 'सांगली'चे तुकडे दिसतात. ठळक अक्षरांची फाइल वेगळी जोडली, कारण ती नसली की ब्राउझर साध्याच अक्षराला फुगवतो आणि 'ष'चं पोट बुजतं. वडील शेजारी बसून एकेक जोडाक्षर तपासत होते.

दोन संध्याकाळी गेल्या त्या 'ल' आणि 'श' यांच्यात, कारण ते मराठी वळणाने उमटत नव्हते. पानाची भाषा इंग्रजी अशी नोंदलेली होती, ती मराठी केली. फॉन्टही असा शोधला की ज्यात मराठी वळणं आहेत. तेव्हा कुठे पाकळीचा 'ल' आणि देठाचा 'श' उमटला. राज्य शासनाने २०२२ च्या निर्णयात हीच रूपं वापरायला सांगितली आहेत. तरी शाळांच्या, ग्रामपंचायतींच्या कितीतरी पानांवर ती दिसत नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं.

आपल्या दैनिकाची मोबाइल आवृत्ती वडील रोज सकाळी उघडतात. तिथला मजकूर पांढऱ्यावर फिकट राखाडी आहे. अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणात निदान ४.५ ला १ इतका फरक हवा, असा वेबचा सर्वमान्य निकष आहे. कृपया अक्षर गडद करावं, आणि मथळ्यात एकदा 'कीर्ती' लिहून पाहावं.

आपली,
एक वाचक, विश्रामबाग, सांगली