रंग वस्तूबरोबर येतो

पुणे,
१२ ऑगस्ट

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

कागद, कापड, माती आणि ॲक्रिलिक एकाच कॅनव्हासवर आले की रंग कुठून ठरवायचा, हा तुझा प्रश्न वाचून मी त्याच रात्री लिहायला बसलो होतो. पण समोरचे चित्र मार्गी लागल्याशिवाय उत्तर खरे होणार नाही असे वाटले, म्हणून उशीर झाला.

मिश्र माध्यमात रंगाची सुरुवात ट्यूबमधून होत नाही, तो वस्तूबरोबरच येतो, असे माझे ठाम मत झाले आहे. फ्रेंच चित्रकार जॉर्ज ब्राकने १९१२ साली हेच करून दाखवले. त्या सप्टेंबरात आविन्यों शहरातल्या एका दुकानातून त्याने लाकडाच्या रेषा छापलेला भिंतीचा कागद आणला, त्याचे तुकडे चिकटवले आणि कोळशाने फळांची थाळी व ग्लास रेखाटला. तपकिरी रंग कागदाचा, आकार कोळशाचा. रंग आकाराच्या कडेशी थांबत नाही आणि रेषही रंगासाठी अडत नाही. घरे रंगवण्याचे, हुबेहूब लाकूड भासवण्याचे काम ब्राक तरुणपणी शिकला होता. जे त्याला हाताने सहज जमले असते ते त्याने आयते चिकटवले, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

माझ्या चित्रात आजीच्या चोळीचा खणाचा तुकडा आहे. मूळचा डाळिंबी, आता मध्ये विटलेला, शिवणीच्या आत दुमडलेल्या पट्टीत मात्र अजून पहिल्यासारखा गडद. चार दिवस मी त्याच्याशेजारी तोच रंग ॲक्रिलिकमध्ये कालवत बसलो. लालभडक क्रिमझनमध्ये तपकिरी बर्न्ट अंबर, मग किंचित निळा अल्ट्रामरीन. पॅलेटवर रंग तंतोतंत जुळला, पण कॅनव्हासवर लावताच खणाशेजारी रेक्झिन ठेवल्यासारखे दिसू लागले. खणाचे उभे आणि आडवे धागे दोन वेगळ्या रंगांचे आहेत, उजेड त्यांच्यात मुरतो. ॲक्रिलिकच्या गुळगुळीत थरावरून तो तसाच परत येतो. अखेर जुळवण्याचा नाद सोडून मी शेजारी खरखरीत हातकागद चिकटवला आणि मॅट मीडियममध्ये, म्हणजे चमक न येणाऱ्या ॲक्रिलिक द्रवात, कालवलेला गेरू फडक्याने त्यावर चोळला. हा रंग खणाहून पुष्कळ निराळा, भाजलेल्या विटेसारखा आहे. तरी आता दोन्ही एकाच घरातले वाटतात.

रंग भिन्न असले तरी निभावते, पण गडद-फिक्याचा तोल गेला की चित्र विस्कटते. त्यामुळे रोज दिवेलागणीला, दिवा न लावता, मी डोळे किलकिले करून चित्राकडे पाहतो. त्या वेळी रंग मावळतात आणि कोणता तुकडा उगाच पुढे येतो ते कळते. बहुधा तो एखादा पांढरा छापील कागद असतो. त्यावर चहाच्या पाण्याचा पातळ हात दिला की तो मागे सरतो.

हळदीचे मात्र माझ्या हातून चुकले. एका चित्रात मी ती नुसत्या डिंकात कालवून लावली होती; पश्चिमेच्या खिडकीसमोर चित्राचा एक उन्हाळा गेला आणि पिवळ्याच्या जागी मळकट कागद उरला. हळद उजेडात टिकत नाही आणि मातीचे रंग टिकतात, अजिंठ्याच्या भिंतींवर ते अजून दिसतात, हे ठाऊक असूनही तिच्या ताज्या पिवळेपणाचा मोह मला आवरला नाही. ज्यांनी ते चित्र घेतले होते त्यांना मी दुसरे करून दिले. त्यात पिवळी माती वापरली. ती तितकी झळकत नाही, पण तिच्याशेजारी काळा अधिक खोल दिसतो, आणि हे मला त्या चुकीशिवाय कळले नसते.

आताच्या चित्रात उजव्या कोपऱ्याजवळ बसच्या तिकिटाएवढी जागा मोकळी आहे. तिथे निळा हवा, पण ट्यूबमधला लावायला हात धजत नाही. तुझ्या आईंच्या जुन्या गोधडीत निळीचे एक ठिगळ होते, वारंवार धुऊन आकाशी झालेले. त्याची दोन बोटे रुंदीची पट्टी देता येईल का, एवढे त्यांना विचारून कळव.

तुझाच,
जुना मित्र