चित्रातलं अस्वल आपल्या जंगलातलं हवं

महोदय,

नातवासाठी सीताबर्डीवरून प्राण्यांच्या साहसकथेचं एक पुस्तक आणलं. गोष्ट विदर्भातल्या जंगलातली, मोहफुलं खायला निघालेल्या अस्वलाच्या पिल्लाची. चित्रात मात्र परदेशी तपकिरी अस्वल! आपलं अस्वल काळं, झिपरं, छातीवर व्ही आकाराचा पांढुरका पट्टा, वारूळ उकरायला लांब वाकडी नखं. आई पिल्लांना पाठीवर बसवून हिंडते. एवढं चित्रकाराला ठाऊक असतं तर अर्धी गोष्ट चित्रानंच सांगितली असती. पेंचचं जंगल काही नागपूरहून दूर नाही.

मजकुराचीही तीच गत. ‘वाघ गवतात लपला होता’ असं लिहायचं आणि शेजारी तेच ढळढळीत काढायचं, मग पोरांनी शोधायचं काय? लेखकानं फक्त वाघ दिसल्यावरचं वानरांचं इशाऱ्याचं खॅकरणं ऐकवावं, पिवळ्या गवतातले काळे पट्टे चित्रानं दडवावेत. पोरं पान उलटायच्या आधीच ओरडतात. (आमच्याकडे तरी ओरडतात.)

आणखी एक. मुखपृष्ठावर लेखकाचं नाव ठळक, चित्रकाराचं मात्र आतल्या पानावर मुंगीएवढ्या अक्षरांत. प्रकाशकांनी तेही वर आणावं.

– एक आजोबा, धरमपेठ, नागपूर