ताप आला तेव्हा सांगायचं होतंस गं

प्रिय चिऊ,

काल फोनवर तू तावातावाने म्हणालीस की ग्रुप प्रोजेक्टचं सगळं काम माझ्याच गळ्यात पडतं, आता यापुढे कुणासाठी काही करणार नाही आणि कुणाकडून काही घेणारही नाही, आणि मग फोन ठेवता ठेवता सांगितलंस की तीन दिवस अंगात ताप होता पण रूममधल्या मुलींना कळूसुद्धा दिलं नाहीस. पहिल्याचा राग मला समजला, पण दुसऱ्या गोष्टीने झोप उडाली माझी.

लहानपणी तू मुंग्यांच्या रांगेपाशी तासन्तास बसायचीस, म्हणून मुंग्यांचंच सांगते. आफ्रिकेत माटाबेले मुंग्या असतात, त्या वाळवीवरच जगतात आणि टोळीने वाळवीवर धाड घालतात. वाळवीच्या सैनिकांशी झुंजताना कितीतरी मुंग्यांचे पाय तुटतात. अशी जखमी मुंगी एक वास सोडते, म्हणजे तिची हाकच ती, मग बाकीच्या येऊन तिला उचलून वारुळात नेतात आणि तिच्या जखमा चाटून साफ करतात. 2018 मध्ये संशोधकांनी बघितलं की ही सेवा मिळाली नाही तर 24 तासांत सुमारे 80 टक्के जखमी मुंग्या मरतात, आणि मिळाली तर फक्त 10 टक्के. पण मला चटका लावून गेलं ते वेगळंच. उचलायला कुणी आलं की जखमी मुंगी पाय आखडून घेते, उचलणारीला सोपं जावं म्हणून. जिचे जवळजवळ सगळे पाय गेलेत ती मात्र नुसती वळवळत राहते, स्वतःला उचलूच देत नाही, आणि शेवटी तिला तिथेच सोडून बाकीच्या निघून जातात. म्हणजे बघ, मदत होते ती दोघींच्या मिळून होते, करणारीच्या आणि करून घेणारीच्याही. तू ते पाय आखडून घ्यायचं कधी शिकलीच नाहीस, आणि त्यात माझीही चूक आहे, तुझ्यासमोर मी कधी कुणाकडे मदत मागितलीच नाही.

रक्त पिणारी वटवाघळं ऐकायला किळसवाणी वाटतात ना? पण दोन-तीन रात्री पोटात काही गेलं नाही तर ती मरतात, आणि शिकार रोज मिळतेच असं नाही. मग पोट भरलेली मादी उपाशी असलेलीला स्वतःच्या पोटातलं रक्त ओकून भरवते. जेराल्ड विल्किन्सन यांनी कोस्टा रिकामध्ये हे बघून 1984 मध्ये लिहिलं. पुढे असंही दिसलं की जिने आपल्याला भरवलं तिला ही वटवाघळं जास्त भरवतात, आणि अनोळखी माद्या आधी फक्त एकमेकींचे केस चाटून साफ करतात, भरवण्यापर्यंत गोष्ट खूप नंतर जाते. मैत्री अशीच थोडी थोडी वाढवत न्यायची असते गं, पहिल्याच दिवशी सगळं प्रोजेक्ट स्वतःच्या अंगावर घेऊन नाही.

आणि कामचुकार तिकडेही असतात बरं का. थायलंडमध्ये हत्तींना एक दोरी दिली होती, दोन टोकं दोघांनी एकदम ओढली तरच खाऊ जवळ यायचा, एकट्याने ओढली की दोरी निसटून जायची. हत्ती ते शिकले, जोडीदार यायचा असेल तर 45 सेकंदांपर्यंत थांबायला शिकले. पण एका तरुण हत्तिणीने टोकावर नुसता पाय ठेवला आणि ओढायचं काम सगळं दुसऱ्यावर सोडलं! तुझ्या ग्रुपमधल्या त्या मुलीसारखं. तिला स्पष्ट सांग, तुझं टोक तू ओढ. पण तिच्यामुळे दोरीच सोडून देऊ नकोस.

प्राण्यांचं सगळंच घ्यावं असं मी म्हणत नाही. त्याच मुंग्या एकजुटीने दुसऱ्यांची घरं फोडतात, आणि एकजूट म्हटली की ती चांगलीच असते असं मी तरी मानत नाही. आणि जिला उचलणं अवघड आहे तिला आपण माणसांनी सोडून जायचं नाही, हे माझं ठाम मत आहे.

ताप परत आला तर लगेच शेजारच्या कॉटवरच्या मुलीला उठव, मध्यरात्र असली तरी. ती औषध आणायला गेली की मला फोन कर, जागीच असेन.

तुझी,
आई