आवक वहीतल्या एकेचाळीस लिंका

गावभाग, सांगली
२ ऑगस्ट

चि. मृणाल हिस,
अनेक आशीर्वाद.

पत्र बघून दचकू नकोस, सगळं ठीक आहे. फोनवरच बोललो असतो, पण हल्ली माझा आवाज खाली गेलाय. तू "काय? काय म्हणालात?" करतेस आणि तिसऱ्या वाक्याला आई फोन काढून घेते. कागदावर मला कोण अडवणार! रेघांची वही मुद्दाम आणवली आहे. रेघ असली की अक्षर तिच्यावर टेकून राहतं, कोऱ्या कागदावर ओळीच्या शेवटी मुंगीएवढं होतं. तरी पुढे पुढे बारीक झालंच तर चष्मा लाव.

मार्चमध्ये डॉक्टरांनी पार्किन्सन्स, म्हणजे कंपवात, म्हटल्यापासून तू मला एकेचाळीस लिंका पाठवल्यास. मोजल्यात मी. छत्तीस वर्षं अडतीत दिवाणजी होतो, आलेला माल वहीत चढवल्याशिवाय मला चैन पडत नाही. एक दोनशे पानी वही घेतली, रकाने आखले: तारीख, आवक कोणाची, माल काय, विकणारा कोण, शेरा. एकेचाळीसपैकी तेवीस ठिकाणी खाली खाली गेलं की काही ना काही विकायला होतं. कुठे पावडर, कुठे गादी, कुठे शिबिर, एका ठिकाणी तांब्याचं कडं. त्या पानावरचं कडं बघून आई म्हणाली, निदान हे तरी दिसायला बरं आहे.

तू लहान असताना मार्केट यार्डात सौद्याला यायचीस, आठवतं? ढिगाजवळ खरेदीदार उभा राहिला की आधी हळकुंड मोडायचा. कट्ट आवाज झाला की तू दचकायचीस. पॉलिशच्या ड्रममधून फिरवलं की कसलंही हळकुंड वरून झळकतं. आतला रंग मोडल्यावर कळतो. मी तुझ्या लिंका तशाच एक एक करून मोडून बघितल्या. त्यात चार महिने गेले, म्हणून उत्तराला उशीर.

पहिली लिंक तर हळदीचीच निघाली! "हळदीने पार्किन्सन्स मुळापासून बरा." अगं, राजापुरी हळदीची धूळ छत्तीस वर्षं नाकातोंडात गेली माझ्या. तिनं हा आजार टळत असता तर अख्ख्या मार्केट यार्डात एकाचाही हात थरथरला नसता. तरी वाचलं नेटानं. हळदीतलं कुर्क्युमिन पोटातून रक्तात फारच कमी उतरतं, आणि त्या लेखात ज्यांचे दाखले दिलेत ते प्रयोग पेशींवर आणि उंदरांवरचे आहेत. लिहिणाऱ्यानं उंदीर हा शब्द गाळला, एवढंच. हळदीचा अभिमान मलाही आहे. १९९५ साली अमेरिकेत जखमेवर हळद लावण्याचं पेटंट कुणाला तरी मिळालं होतं, ते आपल्या सीएसआयआरनं, म्हणजे सरकारी विज्ञान संशोधन परिषदेनं, भांडून १९९७ साली रद्द करवलं, तेव्हा आमच्या पेढीवर मालकांनी सगळ्यांना चहा पाजला होता. २०१८ साली सांगलीच्या हळदीला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं तेव्हाही मी खूश होतो. पण जखमेवरची हळद वेगळी आणि या आजारात मेंदूत कमी पडतं ते डोपामिन वेगळं.

आता एक गोष्ट सांगतो, आईलाही अजून नीट सांगितलेली नाही. निवृत्तीच्या आधी दोनेक वर्षं मला वखारीत शिरल्यावर हळदीचा वास येईनासा झाला होता. पोतं फोडलं तरी नाही. मला वाटलं, सवय झाली. घरी फोडणी करपली तरी मला पत्ता नसायचा आणि आई चिडायची. पुढे पुण्याच्या पार्किन्सन्स मित्रमंडळाचं मराठीतलं लिखाण वाचलं, त्यांची यूट्यूबवरची व्याख्यानं ऐकली, तेव्हा कळलं की या आजारात वास जाणं हे कंपाच्या कितीतरी वर्षं आधी होऊ शकतं. अक्षर बारीक होणं, आवाज खाली जाणं, बद्धकोष्ठ, झोपेत हातपाय झाडणं, हे सगळं त्याच घरातलं. त्या रात्री मी वही मिटून बराच वेळ नुसता बसलो. वाईट वाटलं म्हणून नव्हे. आपल्याला जे झालं ते दुसऱ्या कुणीतरी आधीच नीट लिहून ठेवलंय, याचं बरं वाटलं. शेऱ्याच्या रकान्यात त्या दिवशी फक्त "माल खरा" एवढं लिहिलंय.

तुझ्यावर एक राग आहे तो काढून टाकतो. एप्रिलमध्ये तू दिल्लीच्या कुठल्या तरी स्टेमसेलवाल्या (मूळपेशी टोचणाऱ्या) क्लिनिकच्या पानावर फॉर्म भरलास आणि त्यात माझा नंबर दिलास. दुसऱ्या दिवसापासून रोज फोन. गोड आवाजाची पोरगी, "काका, या महिन्यात दोनच स्लॉट शिल्लक आहेत." सौद्यात जो दलाल "आत्ता घ्या, उद्या भाव चढणार" म्हणतो त्याच्याकडे माल खराब असतो, हे तुला मी सांगायला नको. मी तिला विचारलं, हा प्रयोग आहे की उपचार? ती म्हणाली, उपचार. म्हटलं, मग आयसीएमआरच्या, म्हणजे सरकारी वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांत पार्किन्सन्ससाठी स्टेमसेल हा मान्य उपचार म्हणून कुठे आहे? ती म्हणाली, काका, तुम्ही फार वाचता. म्हटलं, प्रयोग असेल तर सीटीआरआयवरचा नोंदणी क्रमांक दे. देशातल्या औषधप्रयोगांची ती नोंदवही २००७ पासून सगळ्यांना उघडी आहे, मी घरबसल्या बघतो, आणि प्रयोगात भाग घेणाऱ्याकडून पैसे घेत नसतात. फोन कट. त्यानंतर तिचा आला नाही, दुसऱ्या पोराचा आला. नंबर ब्लॉक कसा करायचा ते शेजारच्या पोरानं शिकवलं.

एक जुना कायदा आहे, १९५४ चा, जादूटोण्यासारख्या औषधांच्या जाहिरातींविरुद्धचा. मेंदूचे नि मज्जासंस्थेचे आजार, मधुमेह, कॅन्सर, अशांची यादीच त्यात आहे. हे बरे करतो अशी जाहिरातच करायची नाही. म्हणजे "पार्किन्सन्स बरा करतो" हे वाक्य जाहिरातीत दिसलं की पुढचं वाचायचीही गरज नाही. माझ्या वहीतले तेवीसपैकी अकरा याच एका वाक्यावर बाद झाले.

आता त्या खाजकुयलीचं. ही मात्र सोपी नव्हती. तू पाठवलेल्या पानावर होतं की कवचबीज, म्हणजे खाजकुयलीचं बी, हे निसर्गाचं लेव्होडोपा, म्हणजे माझ्या गोळीतलं मुख्य औषध. मी आधी हसलो, मग चपापलो, कारण ते खरं आहे. खाजकुयलीच्या बियांत लेव्होडोपा असतं, १९३७ सालीच मद्रासच्या संशोधकांनी ते वेगळं काढून दाखवलंय. बांधावरची ती खाजरी वेल, लहानपणी एकमेकांच्या मानेवर टाकायचो, तिच्यात माझ्या गोळीतलाच माल! पण माझ्या गोळीत किती मिलिग्रॅम आहे ते पाकिटावर छापलंय. पावडरीच्या डब्यात किती, हे डबेवाल्यालाही ठाऊक नाही. शिवाय गोळीत बरोबर कार्बिडोपा असतं, त्यामुळे औषध रक्तात वाया न जाता मेंदूपर्यंत जास्त पोचतं आणि मळमळ कमी होते. चालू गोळीवर आणखी ही पावडर घेतली तर डोस चढतो. मग अंग आपोआप हलायला लागतं, उभं राहिल्यावर चक्कर येते, कधी नसलेली माणसं दिसतात. मी डब्याचा फोटो घेऊन मिरजेला डॉक्टरांकडे गेलो. ते रागावले नाहीत. म्हणाले, "विचारून आलात ते बरं केलंत, निम्मे लोक घेतात आणि सांगत नाहीत." तेव्हा ती लिंक खोटी नव्हती, अर्धीच होती. अर्धी खरी असली की जास्त सांभाळावं लागतं, कारण ती मोडली तरी आतला रंग चांगलाच दिसतो.

तुला वाटेल अण्णांना सगळंच नको आहे. तसं नाही. सतरा लिंका मी ठेवल्यात. तू पाठवलेलं मेडलाइनप्लसचं पान मी अजून उघडतो. अमेरिकेच्या सरकारी वैद्यकीय ग्रंथालयाचं आहे ते, खाली कधी तपासलं त्याची तारीख असते, विकायला काही नसतं. पार्किन्सन्स यूके या ब्रिटनमधल्या संस्थेचंही चांगलं आहे. इंग्रजी अडलं की गूगल ट्रान्सलेट लावतो, पण जपून. त्यानं "ऑफ पीरियड"चं "बंद कालावधी" केलं, मला वाटलं सुट्टीबद्दल काही आहे. गोळीचा असर उतरून पुढची लागू होईपर्यंतचा जो जड वेळ, त्याला ते ऑफ म्हणतात. ऑनलाइन तपासणाऱ्या डॉक्टरांचं म्हणशील तर २०२० च्या नियमांनी त्यांनी आपला नोंदणी क्रमांक दाखवायला हवा, आणि तो महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या साइटवर ताडून बघता येतो. तू सुचवलेल्या दोघांपैकी एकाचा सापडला. दुसऱ्याचा नाही. दुसरा म्हणजे तो ज्याचे व्हिडिओ तुला फार आवडले होते.

ठेवलेल्या सतरांत मला एक सारखेपणा दिसला. त्या सगळ्यांत कुठे ना कुठे "नाही" आहे. हे औषध आजार थांबवत नाही, फक्त लक्षणं कमी करतं. ही शस्त्रक्रिया प्रत्येकाला नाही. याचं कारण अजून कळलेलं नाही. बाद झालेल्यांत एकही "नाही" नव्हता.

आणि मिरज दोन-तीन कोसांवर असताना दिल्लीचं क्लिनिक कशाला गं? मिशनरी डॉक्टर वॉनलेस साहेबांनी १८९४ साली तिथे दवाखाना काढला तेव्हापासून कर्नाटकातली माणसं गाड्या जुंपून मिरजेला येतात, आणि आपण रिक्षाने जायचं सोडून विमानानं जायचं!

आता आमच्या ग्रुपचं सांगतो. सांगली-मिरजेचे आम्ही नऊ जण व्हॉट्सअॅपवर आहोत. माझा पाय दारात चिकटायचा. हॉलमध्ये सुरळीत चालतो आणि उंबऱ्यापाशी जमिनीनं पाय धरल्यासारखं. डॉक्टरांना सांगायचं राहूनच जायचं, कारण दवाखान्यात ते होत नाही! ग्रुपवर लिहिलं तर एका बाईंनी लगेच लिहिलं, जमिनीवर आडव्या पट्ट्या मारा आणि पट्टी ओलांडायची असं मनात म्हणून पाय टाका. आईनं उंबऱ्याच्या दोन्ही बाजूंना रांगोळीच्या पाच रेघा ओढल्या. मृणाल, पाय उचलला गेला. पहिल्याच वेळी. आई रेघेच्या त्या बाजूला उभी होती, तिनं टाळ्या वाजवल्या आणि मग पदराने डोळे पुसले. रांगोळी पायानं फिसकटते, म्हणून आता पिवळी चिकटपट्टी लावलीय. दिवाळीला येशील तेव्हा ती बघून "हे काय घाण" म्हणू नकोस.

मटकीच्या उसळीचंही ग्रुपवरच कळलं. डाळी-उसळी गोळीबरोबर पोटात गेल्या की गोळीला वाट मिळत नाही, म्हणून गोळी आधी, जेवण अर्ध्यापाऊण तासानं. डॉक्टरांनी हे सांगितलं होतं म्हणे, पण त्या पहिल्या दिवशी माझ्या डोक्यात काही शिरत नव्हतं.

पण त्याच ग्रुपवर एक गृहस्थ म्हणाले, मी शिबिरात जाऊन गोळ्या पाच दिवस बंद ठेवल्या, शरीर शुद्ध झालं. दोघांनी अंगठे दिले. मी डॉक्टरांना विचारलं, ते एकदम गंभीर झाले. लेव्होडोपा एकदम तोडलं तर अंग ताठ होऊन ताप चढतो, जिवावर बेततं. ते मी ग्रुपवर लिहिलं, गृहस्थ रुसले, दोन दिवसांनी परत "गुड मॉर्निंग" टाकायला लागले. तेव्हा माझं ठरलंय, चालायचं कसं, शर्टाची बटणं कशी लावायची, रडू आलं तर काय करायचं, हे ग्रुपला विचारायचं. गोळी किती, कधी, हे डॉक्टरांना. २०१९ च्या पुरात आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं तेव्हाही असंच होतं. जेवण कुठे मिळतंय ते शेजाऱ्यांना विचारायचो, पाणी किती ते पाटबंधारे खात्याकडून. शेजाऱ्यांच्या पाण्याची पातळी दर अर्ध्या तासाला पाच फूट चढायची.

आता ज्यासाठी पत्र लिहायला घेतलं ते. आवक वहीत मी तारखेबरोबर वेळही लिहिली आहे. एकेचाळीसपैकी एकोणतीस लिंका रात्री एक ते साडेतीनच्या मधल्या आहेत. १७ जूनला तर २:४० ला एक, २:५२ ला एक, ३:१५ ला एक. सकाळी नऊला तुझं ऑफिस असतं. जावई काही बोलले नाहीत, पण मला काय कळत नाही होय?

मित्रमंडळात रुग्ण म्हणत नाहीत, शुभार्थी म्हणतात, आणि त्याला सांभाळणाऱ्याला शुभंकर. मला आधी शब्द जरा सजवलेला वाटला. आता आई स्वतःला तेच म्हणवून घेते. लांब राहणारी मुलंही शुभंकरच की. आमच्या ग्रुपमधल्या एकांचा मुलगा पुण्याला असतो, तोही असाच रात्री शोधत बसायचा म्हणे. तू हो म्हणालीस तर त्याला तुझा नंबर देतो. या वेळी मी तुला विचारून देतोय, हे लक्षात घे.

बाराची गोळी घ्यायची वेळ झाली, मोबाइल ओरडतोय. अक्षर फारच बारीक झालंय ना? पुढच्या वेळी दोन रेघांची वही आणवतो, पहिलीतल्या पोरांची. येताना बंगळूरहून फिल्टर कॉफी आण, वास येत नसला तरी चव अजून कळते.

तुझे,
अण्णा