वाघ दिसणार नाही, तरी या

ती. आई व अण्णांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

अण्णा, परवा फोनवर तुम्ही जे बोललात ते मी इथं सगळ्यांना सांगितलं. ‘शिराळ्यात हातात नाग धरलेली माणसं आम्ही फुकटात बघितली, आता लांबून गवा बघायला पैसे द्यायचे होय?’ आमचे गाईड पोट धरून हसले. पण फोनवर तुमच्याशी वाद घालून कुणी जिंकलंय का, आणि इथं चांदोलीच्या जंगलाशेजारी मणदूरला रेंजही मध्येच दगा देते, म्हणून पत्र लिहायला बसले. संक्रांत झाली की तुम्ही दोघांनी आमच्या निसर्ग केंद्रात दोन रात्री राहायला यायचं, एवढंच म्हणणं आहे.

आधी वाघाचा विषय मिटवते. दिसणार नाही. शेजारच्या काकांना कुठंतरी ‘वाघ नक्की दाखवतो’ म्हणून नेलं आणि दिवसभर धूळ चारून परत आणलं, ते तुमच्या डोक्यात पक्कं बसलंय. आमच्याकडं चौकशीचा फोन आला की पहिलं हेच सांगतो, आणि त्यावर निम्मी माणसं फोन ठेवतात. ठेवू देत. कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून २०१० साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला, पण नावात व्याघ्र असलं तरी वाघ इथं फार थोडे. म्हणून तर २०२५ च्या नोव्हेंबरात ताडोबाहून एक वाघीण चांदोलीत आणली. आणि वाघाला खायला पाहिजे म्हणून त्याआधीपासून चितळं आणून सोडताहेत. त्यातली काही कुठली, माहितीये? आपल्या सागरेश्वरची! शाळेच्या सहलीत जिला मी डब्यातली चपाती देऊ लागले आणि बाईंचा धपाटा खाल्ला, त्या चितळाची नातवंडं-पतवंडं असतील.

तुमच्या डोळ्यांसमोर जंगल म्हणजे सागरेश्वर आहे, खरी अडचण ती आहे. सागरेश्वर ऐन दुष्काळी टापूत माणसांनी झाडं लावून उभं केलेलं, जेमतेम अकरा चौरस किलोमीटर, भोवती कुंपण. तिथं सांबर-काळवीट बघायला डोळे असले की झालं. इथं तसं नाही. इथलं रान इतकं दाट की हजार किलोचा गवा दहा-पंधरा पावलांवर उभा असतो आणि आपण त्याच्याशेजारून बोलत निघून जातो. इथं आधी कान लागतो, मग नाक, डोळ्यांचा नंबर शेवटी. पैसे कशाचे म्हणाल तर गाईडचे.

आता गाईड काय करतो ते सांगते. पहाटे चहा झाला की चालायला निघायचं. थोडं गेलं की तो हात वर करतो, सगळे गप्प. वरच्या झाडावरून वानर खाकरल्यासारखं ओरडतं. एकदाच ओरडलं तर तो पुढं चालू लागतो. सारखं ओरडत राहिलं, आणि खालून भेकर, म्हणजे ते बारकं हरीण, कुत्र्यासारखं भुंकायला लागलं, की समजायचं बिबट्या फिरतोय. मग वाटेवर विष्ठा सापडते. आई, नाक मुरडू नकोस. काडीनं उकललं की आत केस निघतात, आणि केसांवरून तो सांगतो, याची काल मेजवानी झाली ती वानराची की रानडुकराची. मागच्या खेपेला मुंबईच्या एक वकीलबाई आधी रुमाल नाकाला लावून लांब उभ्या होत्या. शेवटी त्याच काडी घेऊन बसल्या आणि उठायला तयार नाहीत.

शेकरू, म्हणजे ती मोठी रानखार, मात्र दिसेलच. आपल्या राज्याचा प्राणी तो. उंच शेंड्यावर काटक्यापानांचं भलंमोठं गोल घरटं, तेही एक नाही, एकट्याची दोन-चार. जमिनीवर क्वचितच उतरतो. आणि तुम्ही जरा उशिरा, फेब्रुवारी सरता-सरता आलात तर धनेश पक्ष्याच्या विणीचीही वेळ साधेल. मादी झाडाच्या ढोलीत शिरते आणि आतून दार लिंपून घेते, चोच बाहेर काढण्यापुरती फट ठेवते. पुढं कित्येक आठवडे नर एकेक फळ आणून त्या फटीतून भरवतो. आई, तुझं बाळंतपण आणि अण्णांची डेपोतली डबल ड्यूटी, यावर मी काही बोलत नाही.

मला तुम्हाला खरं दाखवायचंय ते वेगळंच आहे. चांदोलीच्या आत पूर्वी गावं होती. धरण झालं, मग अभयारण्य, आणि ती गावं उठली. आमच्याबरोबर चालणारे एक मामा तशाच एका गावातले. खाली पुनर्वसनात जमीन मिळाली, घर मिळालं, पण सीझन आला की ते इथं येतात. पाहुण्यांना घेऊन आत गेलो की एका ठिकाणी ते थांबतात. गवतात काळ्या दगडांचं जोतं आहे, कडेला फुटकं जातं पडलंय, तुळशीवृंदावनाची एक बाजू शाबूत आहे. त्या जोत्याच्या कोपऱ्यावर बसून ते तंबाखू मळतात आणि समोर बोट करतात. भाताची खाचरं होती तिथं आता गवत माजलंय आणि संध्याकाळी गवे चरायला उतरतात. गुडघ्यापासून खाली पांढरे पाय, जणू मोजे घातलेत. मामा म्हणतात, ‘आमच्या खाचरात आता ह्यांचं राज्य.’ त्यात रागही नसतो आणि कौतुकही नसतं. पाहुणे गव्यांचे फोटो काढतात आणि मला त्या जोत्याकडं बघवत नाही. आमची ही सगळी सुट्टी कुणाच्या तरी अंगणात उभी आहे, हे आमच्या माहितीपत्रकात कुठंच नाही. असायला पाहिजे, असं मी केंद्रात बोलून बसलेय. बघू.

अण्णा, तुमचं आणि त्या मामांचं जमेल. नागपंचमीच्या यात्रा स्पेशलवर तुम्ही शिराळ्याला यायचा ना, त्या काळी ते जत्रेत नाग घेऊन मिरवणाऱ्यांतले. पुढं उच्च न्यायालयाचा निकाल आला, जिवंत नागांची मिरवणूक बंद झाली. आता कुणाच्या घरात साप निघाला की ह्यांनाच बोलावतात, ते पकडून रानात सोडून येतात. तुमच्या गोष्टी त्यांना सांगा, त्यांच्या ऐका. मी मध्ये बोलणार नाही.

आता आईचे प्रश्न. खोलीला कमोड आहे, गरम पाणी आहे. जेवण गावातल्या बायका करतात, नाचणीची भाकरी आणि पावट्याची आमटी; तुला उगाच नाव ठेवायला मिळणार नाही. अण्णांच्या गुडघ्याला चढ नको, त्यांच्यासाठी सपाट वाट आहे, आणि उद्यानात तर गाडीच फिरवते. जळवा पावसाळ्यात, तेव्हा उद्यान पर्यटकांना बंदच असतं. रात्री भांडी जरा खुळखुळली तर घाबरून मला उठवू नका, वारणेच्या खोऱ्यात असे भूकंपाचे बारके हादरे बसतात आणि इथं त्यासाठी कुणी चहाचा कपही खाली ठेवत नाही. पैशाचं विचारू नका, घरच्या माणसांना निम्मा दर आहे आणि तो मी भरलाय.

विट्याहून इस्लामपूर, शिराळा, कोकरूड असं या. पुढं चरण-आरळ्याची गाडी धरा, आरळ्याला मी घ्यायला येते. पांढरं किंवा भडक काही आणू नका. अण्णा, म्हणजे तुमचं नेहरू शर्ट-पायजमा घरी, ती खाकी पँट चालेल. स्वेटर, गोळ्या आणि कानटोपी आणा. आई, लोणच्याची बरणी आणू नकोस, मागच्या वेळी वानरांनी ती खिडकीतून नेली आणि महिनाभर सगळी टोळी माझ्याच खोलीवर फेऱ्या मारत होती.

तारीख कळवा, मी गाईड अडवून ठेवते. दादाला आणि वहिनीला नमस्कार, चिंगीला पापा.

तुमची,
माई